आखणीवालीचे दाणे

१२ जानेवारी १९९७, रविवार

आज ठाण्याहून सहाजण मूर्ती बुक करायला आले आणि मूर्ती सोडून मलाच बघत उभे राहिले! आमच्या मूर्तींच्या कारखान्याचा मालक सखाशेठ रंगवून सांगत होता — "ह्या आमच्या मैनाबाय. पन्नाशीला आल्या. सहा वर्सं चष्मा होता, गणपतीनं काढून घेतला!" मी लगेच मान खाली घातली आणि चार केसांच्या ब्रशनं एका गजाननाच्या पापणीची कड ओढून दाखवली. बिनचष्म्याची. सहाही जणांनी हात जोडले. मूर्तीला जोडले की मला, विचारलं नाही. दोघांत वाटून घेतले.

खरं सांगू? मलाही कळत नाही हे झालं कसं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत चष्म्याशिवाय तांदळातला खडा दिसत नव्हता. मग काय झालं देव जाणे — चष्मा लावला की धुरकट, काढला की लख्ख! अनंत चतुर्दशीला पेणला भोगावतीत मूर्तीबरोबर चष्माही सोडून दिला. वाजतगाजत! अर्ध्या हमरापूरनं बघितलं. पुतळीनं तर डोळे फाडून बघितलं. बिचारी आठ वर्षं माझ्यामागे बसून आखणी शिकतेय. आता ही थकेल, मग थकेल, मग मूर्तीचे डोळे काढायचं काम आपल्याकडे येईल, अशी आशा. आणि हिनं चष्माच बुडवला!

साच्यातून मूर्ती कुणीही काढतं, रंग कुणीही मारतं. डोळे मी काढते. आमचे हे गेल्यापासून नऊ वर्षं मी ह्या एका कामावर उभी आहे. शेठनं यंदा जाहिरातीच्या कागदावरही छापलंय — "डोळ्यांची आखणी : दृष्टी लाभलेल्या मैनाबाई." दृष्टी लाभलेल्या! वाचून लाजले. मग चार कागद घरी घेऊन आले.

१९ जानेवारी, रविवार

वरसेला पिंकीकडे. लेक माझी, पण नजर पोलिसाची.

"आई, हा कितवा तांब्या?"

"ऊन हाय."

"जानेवारीत?"

ब्लाउज ढिला झालाय हेही तिनं पकडलं. मी म्हटलं, चवळीची शेंग झालेय, तुला बघवत नाही होय? जावई सेकंड शिफ्टला कंपनीत, नाहीतर प्रविणनं माझी बाजू घेतली असती. उद्या उपाशीपोटी नदीपलीकडच्या अष्टमी गावात डॉक्टरीणबाईकडे न्यायचं ठरवलंय तिनं. पूल ओलांडला की दवाखाना. मी चार दिवस आराम करायला आले होते, रक्त द्यायला नव्हे!

२१ जानेवारी, मंगळवार

साखर. दोनशे अठ्ठेचाळीस. तीही उपाशीपोटी.

डॉक्टरीणबाई पिंकीच्याच वयाची. दोन वेण्या घातल्या तर दहावीच्या वर्गात खपून जाईल. पण बोलणं हेडमास्तरणीचं! दिवसभरात काय काय खाता, सांगा म्हणाली. सांगितलं — सकाळी चहा-खारी, दहाला चहा-बिस्किटं, दुपारी भात, चारला चहा-बिस्किटं, सहाला कुरमुरे-फरसाण, मग जेवणात परत भात. "बिस्किटं किती?" म्हटलं, पुडा उघडला की संपतो, मोजायला उरतं काय?

ती हसली नाही. कागदावर लिहून दिलं. चहा बिनसाखरेचा. भात निम्मा. रोज चालायचं. आणि बिस्किटाच्या जागी रोज मूठभर दाणे — भाजलेले शेंगदाणे, बिनमिठाचे, त्यात चार बदाम, मिळाला तर एक अक्रोड. "मावशी, दाणे म्हणजे औषध नाही. पण त्यांनी पोट भरलेलं राहतं, साखर एकदम उसळी मारत नाही, रक्तातली चरबीही सुधारते. फक्त बिस्किटाच्या जागी हं! बिस्किटाच्या बरोबर नाही." तीन महिने बघायचं. नाही उतरली तर गोळ्या.

डोळ्यांचंही विचारलं. म्हटलं, एकदम फर्स्टक्लास! देवानं दिलेत! तरी तिनं आणखी एक चिठ्ठी लिहिली, पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवून घ्या म्हणून. ती मी ट्रंकेत तळाशी ठेवली. फर्स्टक्लास डोळे कोण दाखवायला नेतं?

२७ जानेवारी, सोमवार

मूठभर म्हणाली. पण कुणाची मूठ, ते कुठं लिहिलंय?

कारखान्यात जनू साच्यावर आहे. एका हातानं दीड फुटाची मूर्ती उचलतो. मी पिशवी त्याच्यापुढे धरली. "जनू, एक मूठ भर रे." त्यानं घातला हात. पिशवी अर्धी झाली! वाटीत मावेनात, ताटलीत घेतले.

पुतळी म्हणाली, "ताय, हा औषध हाय का जेवान?"

मी म्हटलं, डॉक्टरचा हुकूम आहे, मोडता येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

नुसते दाणे घशाखाली उतरत नाहीत. गुळात लाडू वळले. दाणे ते दाणेच! लाडूत गेले म्हणून त्यांचं दाणेपण जातं का?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परवाच्या संकष्टीला साबुदाण्याची खिचडी केली. वर दाण्याचं कूट सढळ हातानं. म्हणजे त्या दिवसाचे दाणे त्यातच आले. पुन्हा वेगळी मूठ खाल्ली ती सवय मोडू नये म्हणून.

चारच्या चहाला बिस्किटं बंद केली आहेत. म्हणजे माझ्या ताटलीत घेत नाही. पुतळीच्या ताटलीतली दोन घेते.

१६ मार्च, रविवार

पकडले गेले.

दोनशे एकतीस. आणि वजन तीन किलो वर! डॉक्टरीणबाईनं आधी कागद बघितला, मग मला बघितलं. "मावशी, मूठ दाखवा." मी मूठ वळून दाखवली. "एवढे खाता?" मी काही बोलणार तेवढ्यात आमची पोलीस बोलली — "ती जनूच्या मुठीनं खाते! आन वर लाडू!" मागच्या आठवड्यात ही हमरापूरला येऊन गेली, तेव्हा पुतळीनं सगळं ओकलेलं दिसतंय.

डॉक्टरीणबाई हसली. इतकी हसली की चष्मा काढून पुसला. म्हणाली, "दाण्यात तेल असतं, मावशी. अंगाला चांगलं, पण मूठभरच. तुम्ही तर घाणा लावलात!" मग गंभीर झाली. आणखी तीन महिने. नाहीतर गोळ्या, त्याला आता पर्याय नाही.

परतताना एसटीत पिंकीवर रागावून बसले होते. नागोठण्यापर्यंत राग टिकला. मग भूक लागली.

१७ मार्च, सोमवार

आज पुतळी सगळ्यांसमोर म्हणाली, "ताय आता साखरवाल्या झाल्या. पुढल्या सालाला आखणी माझीच!" आणि हसली. वाईटानं नाही हसली. पण हसली.

ठीक आहे. बघतेच.

१८ मार्च, मंगळवार

माझीच मूठ. मोजले — एकोणतीस शेंगदाणे, चार बदाम. नुसते भाजलेले, मीठ नाही. निम्मे दहाला, निम्मे चारला. बिस्किटाकडे पाठ करून बसते. खरोखरच पाठ करून!

भात निम्मा. आगऱ्याच्या मुलीला निम्मा भात म्हणजे निम्मा जन्म. पण पुतळीचं हसणं आठवलं की ताटातला भात आपोआप मागे सरकतो.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी बांधावरून चालते. मिठागरापर्यंत जाऊन परत. तिथल्या बाया मीठ ओढता ओढता विचारतात, "कुठं गो चाललीस, मैने?" मी सांगते, पुतळीला जळवायला. त्यांना कळत नाही. हसतात.

२० एप्रिल, रविवार

गंमतच आहे. चारला आता भूकच लागत नाही. दहाचे दाणे दुपारच्या जेवणापर्यंत पुरतात. पूर्वी बिस्किटं खाल्ली की तासाभरात पुन्हा काहीतरी चघळायला लागायचं. पाणीही तांब्याऐवजी पेल्यानं. हे सगळं पिंकीला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

४ मे, रविवार

आजचं लिहितानाही हात हलतोय हसून.

कारखान्यात उंदीर फार. बाप्पाचं वाहन, मारता येत नाहीत, आणि माझे दाणे मात्र ओळखतात! म्हणून परवा पुडी एका पोकळ लंबोदराच्या पोटात ठेवली. खालून हात घातला की हजर. काल मी आले नाही, आणि जनूनं त्याचं बूड प्लास्टरनं बुजवून टाकलं. वरून पांढरा हातही मारून झाला.

आज एक डोंबिवलीकर आला, नेमका तोच उचलला. पोटात खळखळ! "शेठ, ह्यात काय वाजतंय?" शेठनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेठ म्हणाला, "साहेब, मोदक!" त्या माणसानं तीच मूर्ती पक्की केली. दुसरी नकोच म्हणाला! म्हणजे यंदा डोंबिवलीत एका बाप्पाच्या पोटात एकोणतीस शेंगदाणे आणि चार बदाम. पथ्यावर आहे बिचारा.

१४ मे, बुधवार

ब्रशचे केस दुहेरी दिसले. ब्रश खराब. बदलला.

२२ मे, गुरुवार

नवा ब्रशही तसलाच. बल्ब शंभरचा लावून घेतला. शेठ म्हणाला, आधीचा तर चांगला होता. म्हटलं, उजेड कमी पडतो, शेठ, आता रंग गडद येतायत.

रंग गडद नाहीत.

८ जून, रविवार

एकशे बारा!

डॉक्टरीणबाईनं कागद माझ्यासमोर नाचवला. चरबीही तीनशे दहाची एकशे अडुसष्ट. वजन उतरलं, कमरेचा घेर दोन इंच कमी. गोळ्या नकोत! पिंकीनं दवाखान्यातच मिठी मारली. "मावशी, हे नुसत्या दाण्यांनी नाही झालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बिस्किटं गेली, भात कमी झाला, चाललात. दाण्यांनी हे सगळं निभावायला मदत केली." मी म्हटलं, आणि पुतळीनं.

डोळ्यांचं तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, उत्तम.

का म्हटलं? तिच्या टेबलावरच्या पाटीवर तिचं नाव होतं. मला वाचता आलं नाही.

१५ जून, रविवार

आखणी जोरात सुरू. काल एका बाप्पाचा डावा डोळा सोंडेकडे बघायला लागला. पुतळीच्या लक्षात यायच्या आत तो मागच्या रांगेत सरकवला. संध्याकाळी गिऱ्हाईकानं नेमका तोच शोधून काढला. "काय नजर आहे! कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतो!" जिवात जीव आला.

पण हे असं किती दिवस? रेघ आता मी बघून ओढत नाही, हाताच्या सवयीनं ओढते. हाताला आठवतं. पण हात चुकला तर ते दिसायला डोळे हवेत ना!

२० जून, शुक्रवार

पेणच्या बाजारात गाडीवरून एक चष्मा घेतला. तोंडावर पदर घेऊन! दृष्टी लाभलेल्या मैनाबाई गाडीवर चष्मे लावून बघतायत, हे कुणी पाहिलं असतं तर? घरी लावला, छान दिसतं. पण कारखान्यात लावू कसा? शेठनं दोन हजार कागद वाटलेत.

२८ जून, शनिवार

गाडीवरचा चष्माही आठ दिवसांत बाद! परवापर्यंत पेपर वाचता येत होता, आज त्यातूनही पुसट.

बसून विचार केला. डोळे बिघडले मे महिन्यात. दाणे नीट सुरू केले मार्चमध्ये. त्याआधी डोळे लख्ख. दाण्यांनी माझे डोळे खाल्ले! दुसरं काय? देवानं दिलेलं डॉक्टरीणबाईच्या दाण्यांनी नेलं.

उद्या जनूच्या बहिणीचं लग्न. दाणे बंद.

२९ जून, रविवार

गुलाबजाम. पाच. सहावा जनूच्या आईनं बळंच वाढला.

१३ जुलै, रविवार

दिसतंय!

दोन आठवडे रोज गोड. गुळाची पोळी, जिलबी, चहात दोन चमचे, बिस्किटांचे पुडे. पाणीही पुन्हा तांब्यानं चाललंय. आणि आज सकाळी ब्रशचे चार केस — एक, दोन, तीन, चार! सुटे सुटे दिसले. बसल्या बैठकीला बावीस मूर्तींचे डोळे काढले. सगळे सरळ. पुतळी बघत राहिली. "ताय, हात कसा चालतो गो तुझा!" मनापासून म्हणाली. छाती फुगली माझी.

१६ जुलै, बुधवार

मी अडाणी नाही. सातवी पास आहे. एवढं तर कळलंच — हे दाण्यांचं नव्हे, साखरेचं आहे. गोड खाल्लं की लख्ख दिसतं, सोडलं की धुरकट. का, ते देव जाणे.

मग सोपं आहे! पाच सप्टेंबरला गणपती बसतात. तोवर गोड. सहा सप्टेंबरपासून दाणे. सात आठवड्यांत काय होतंय? पिंकीला कळता कामा नये. डब्यात वर दाणे, खाली जिलबी.

डबा भरताना मला हसू आलं. मग नाही आलं. पायाच्या बोटांना मुंग्या येतात हल्ली.

२७ जुलै, रविवार

पिंकी न सांगता कारखान्यात आली. बदाम घेऊन आली होती, प्रविणच्या कंपनीतल्या कुणीतरी दिल्लीहून आणलेले. माझ्या डब्यात घालायला म्हणून तिनं वरचे दाणे बाजूला सारले.

मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. सगळ्यांसमोर जमिनीवर बसली, रंगाच्या डब्यांत. "आई, मी दर खेपेला तुझ्या डॉक्टरीणबायचा पोलीस होते, सगळे हसतात. मला काय हौस हाय? बाबा नाय. तू गेलीस तर माझं माहेर कुठं गो?"

जनूनं तोंड फिरवलं. पुतळीनं तिला पाणी दिलं.

मग मी तिला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. साखर, डोळे, कागद, गाडीवरचा चष्मा. सगळं. ती म्हणाली, उद्या अष्टमी.

२९ जुलै, मंगळवार

काल डॉक्टरीणबाईनं चिठ्ठीच्या मागे डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. (बुबुळ चुकीचं काढलं. मी दुरुस्त केलं.)

म्हणाली, "मावशी, तुमची चाळीशी सुटलीच नव्हती. साखर वाढली की डोळ्याच्या आतलं भिंग फुगतं, आणि फुगलेल्या भिंगाला काहीजणांना जवळचं छान दिसायला लागतं. तुमची साखर गेल्या वर्षीच वाढली असणार. दाण्यांनी डोळे नेले नाहीत. होते तिथं आणून ठेवले." साखर उतरून भिंग स्थिर व्हायला दीड-दोन महिने. तोवर नंबर बदलत राहणार, पक्का चष्मा करून उपयोग नाही.

म्हणजे ज्याला सहाजणांनी हात जोडले, ते माझं दुखणं होतं!

आज पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. थेंब घालून आत बघितलं. पडद्यावर रक्ताचे दोन ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे. "आता साखर ताब्यात ठेवलीत तर बहुधा एवढ्यावर थांबेल. अशीच वर ठेवलीत, तर चष्म्यानंही दिसायचं नाही असा दिवस येईल." कधी येईल, मी विचारलं. ते म्हणाले, ते सांगून येत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दाणे. एकोणतीस. चार बदाम पिंकीचे.

मला भीती वाटते. लिहून टाकते, इथं कोण बघतंय? आंधळं होण्याची वाटते, आणि त्याहून — लाज वाटते लिहायला — पुतळीच्या हातात ब्रश बघायची जास्त वाटते. अजून तीनशे मूर्ती बाकी आहेत. गोड अजून अंगात आहे, आणखी आठेक दिवस बरं दिसेल. मग पुन्हा धुरकट. सकाळी समोरच्या टपरीवर जिलबी तळत होता. मी तिथं उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. मग मिठागराकडे चालत गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेठला सांगून टाकलं. खरं ते सगळं — चमत्कार नव्हता, साखर होती. गोड खाल्लं तरच दिसतं आणि खाल्लं तर पुढे डोळेच जातील. यंदाचे उरलेले डोळे पुतळीला काढू दे, मी शेजारी बसून बघते, पुढच्या साली चष्मा लावून मी आहेच.

वाटलं होतं चिडेल. कागद छापून बसलाय बिचारा. पण तो ऐकत राहिला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला! "मैनाबाय, तुम्ही बिलकुल चिंता नाय करायची. घरी जावा. मी बघतो काय ते." नऊ वर्षांत मी ह्या माणसाला ओळखलंच नाही, असं मनात आलं. त्याच्या ढेरीवरून किती नकला केल्या मी! यापुढे करणार नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी शेठचा माणूस घरी खोका देऊन गेला. वर चिठ्ठी — "एवढा सीझन निभवा. नंतर तुमचा दवाखाना मी बघतो." आत पेढे. केशरी. दोन किलो.

खोका घेऊन कारखान्यात गेले. ब्रश पुतळीच्या हातात दिला. तिचा हात धरून पहिली पापणी ओढून घेतली, मग सोडला. मग पेढे वाटले. जनूला चार. शेठला त्याच्या खुर्चीपाशी जाऊन, हातात एक. ठाण्याची गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनाही.

"मैनाबाई, पेढे कशाचे?"

म्हटलं, "मी गोड सोडलं, त्याचे!"